वाय-फाय घेईना? लॅपटॉप पिशवीत भरायच्या आधी एवढं बघा

लॅपटॉपची स्क्रीन फुटली, बिजागरी निखळली, कीबोर्डवर चहा सांडला तर खुशाल दुकानात या. पण 'घरचं वाय-फाय घेईना' ही तक्रार दुकानात आणून फारसा उपयोग नसतो, कारण भांडण दोघांचं असतं आणि तुम्ही एकालाच घेऊन येता. राउटर घरी भिंतीवरच राहतो. सोलापुरात नव्या पेठेतल्या माझ्या काउंटरवर असे लॅपटॉप सारखे येतात. कुणी जुळे सोलापुरातून येतं, कुणी अक्कलकोट रोडवरून, रिक्षाला पैसे घालून. मी दुकानाचा पासवर्ड टाकते, लॅपटॉप गपगुमान जोडला जातो. मग समोरचा माणूस ओशाळून म्हणतो, "अक्का, घरी खरंच येत नव्हतं की!" येत नसणारच. मला त्याच्यावर अजिबात संशय नसतो.

म्हणून खालचं सगळं घरी बसूनच करायचं आहे. विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय, मेनूतली नावं एखाद्या शब्दानं इकडेतिकडे असतील. स्क्रूड्रायव्हर लागत नाही. एकच अट आहे, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच तपासा. एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि वाय-फाय सुरू झालं, तर कशानं झालं ते कळत नाही आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सगळं.

दोष कुणाचा, ते मोबाईलला विचारा

आधी मोबाईलमधला डेटा बंद करा. हे विसरू नका, कारण वाय-फायवर नेट नसलं की मोबाईल गुपचूप सिमच्या डेटावर जातो आणि तुम्ही म्हणता, "मोबाईलला तर येतंय." डेटा बंद करून, घरच्या वाय-फायवर राहून एखादी साइट उघडा, शक्यतो रोज न उघडणारी. व्हॉट्सॲपचे जुने मेसेज दिसले म्हणजे नेट आहे असं होत नाही.

मग उलटं करा. मोबाईलचा डेटा चालू, हॉटस्पॉट चालू, आणि लॅपटॉप त्या हॉटस्पॉटला जोडा.

या दोन तपासण्यांत बहुतेक उत्तर मिळतं. मोबाईललाही घरच्या वाय-फायवर नेट नाही, तर लॅपटॉपला हातही लावू नका, दोष राउटरचा किंवा बाहेरच्या लाइनचा. मोबाईलला घरी मिळतंय, पण लॅपटॉप हॉटस्पॉटलाही जोडला जात नाही, तर दोष लॅपटॉपचा. आणि मोबाईल घरी चालतो, लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो, फक्त घरचं वाय-फाय आणि लॅपटॉप यांचंच जमत नाही, हा सगळ्यात चक्रावणारा प्रकार. त्याबद्दल खाली बरंच लिहिलंय, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत हीच मंडळी जास्त असतात आणि यांचंच काम दुकानात होत नाही.

राउटरची बाजू

राउटरवरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर पॉवर, पॉन, लॉस, इंटरनेट अशी नावं असतात. लॉसचा दिवा लाल असेल किंवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही. म्हणजे फायबर तुटली, वाकली किंवा मागची पिन निघाली. आपल्याकडे ड्रेनेजसाठी, पाइपलाइनसाठी रस्ता खणला की त्या गल्लीत हा लाल दिवा लागतोच. केबलवाल्याला फोन करून सरळ "लॉस लाल आहे" एवढंच सांगा. पुढचे दहा प्रश्न वाचतात. फायबरची ती पातळ पिवळी किंवा पांढरी वायर कपाटामागे दाबली गेली नाही ना, एवढं मात्र फोन लावायच्या आधी बघून घ्या. ती तांब्याच्या वायरसारखी कशीही मुडपून चालत नाही, आत काच असते.

लॉसचा दिवा बंद, बाकीचे हिरवे आहेत, वाय-फाय जोडलंय, तरी नेट नाही? रिचार्ज संपलाय का बघा. हसू नका. कंपनीचं ॲप उघडलं तर दोन मिनिटांत कळतं.

राउटर बंद-चालू करायचा असेल तर भिंतीवरचं बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग चालू करून दोन-तीन मिनिटं त्याला सावरू द्या. पण मागे किंवा खाली जे टाचणीचं छिद्र असतं, त्यात टाचणी खुपसू नका. त्या रीसेटनं राउटर कारखान्यातून आला तसा होतो. कंपनीनं त्यात भरलेलं युजरनेम, पासवर्ड, लाइनच्या सेटिंग्ज पुसून जाऊ शकतात, आणि मग केबलवाला येईपर्यंत घरात कुणालाच नेट नाही. यूट्यूबवरच्या कुठल्याशा व्हिडिओत बघून हे करणारे दर आठवड्याला भेटतात.

राउटर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत असेल तर बहुधा त्याचा अडॅप्टर थकलेला असतो. नवा घेताना जुन्यावरचे आकडे वाचून घ्या. व्होल्ट तंतोतंत तेच पाहिजेत, बहुतेक राउटरना १२ व्होल्ट लागतात. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. लाइट वारंवार जाणाऱ्या भागात राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो मला तरी पैसे वसूल वाटतो. पोरांची ऑनलाइन परीक्षा चालू असताना लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र लगेच मरतो.

आणि कृपा करून राउटरवर टॉवेल घालू नका. टॉवेलचं गाव आहे, घरात टॉवेलांना तोटा नाही, कळतं मला. धूळ बसू नये म्हणून झाकतात. पण आपल्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि राउटर स्वतःही तापतो. तापलेला राउटर अडकतो. दुपारी नेट जातं आणि संध्याकाळी आपोआप येतं, असं होत असेल तर आधी टॉवेल काढा आणि त्याला वाऱ्याला ठेवा.

आधी रीस्टार्ट, आणि तोही खरा

दोष लॅपटॉपकडे किंवा दोघांच्या मधे आहे असं ठरलं, की पहिलं काम रीस्टार्ट. "बंद करून चालू केला की अक्का" असं सगळेच सांगतात. पण विंडोजमध्ये 'शट डाउन' केलं की लॅपटॉप पूर्ण बंद होतोच असं नाही. फास्ट स्टार्टअप नावाची सोय विंडोज ८ पासून आहे. पुढच्या वेळी पटकन सुरू व्हावं म्हणून विंडोज स्वतःची बरीचशी अवस्था डिस्कवर तशीच जपून ठेवतं, त्यात अडकलेला वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे आतलं वाय-फायचं कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, तोही असू शकतो. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणून शट डाउन नको, रीस्टार्टच करा. नाहीतर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, तेही पूर्ण बंद होतं.

तरीही वाय-फाय नाही, तर एक पायरी पुढे. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग चार्जर लावून सुरू करा. आतमध्ये उरलेला चार्ज निघून जातो आणि कार्ड कधीकधी शुद्धीवर येतं. वाय-फायचं चिन्हच गायब झालेल्या लॅपटॉपना याचा गुण येतो, असा माझा अनुभव आहे.

लॅपटॉप नेमकं काय म्हणतोय ते वाचा

'येत नाही' हे माझ्या कामाचं नाही. तो काय म्हणतो, ते पाहिजे. नाव यादीत दिसतच नाही, नाव दिसतं पण जोडणी नाकारतो, की जोडलं जातं आणि खाली 'नो इंटरनेट' लिहून येतं? तिन्हींचे रस्ते वेगळे.

कुठलंच नाव दिसत नसेल, शेजारच्यांचंही नाही, तर वाय-फाय बंद झालेलं असतं. विमानाचं चिन्ह दिसतंय का बघा, म्हणजे एअरप्लेन मोड. कीबोर्डच्या वरच्या रांगेत एखाद्या एफ बटणावर विमान किंवा टॉवरसारखं चिन्ह असतं. आवाज वाढवताना बोट चुकून तिकडे पडतं. जुन्या डेल, एचपी, लिनोव्होच्या काही मॉडेलना तर कडेला सरकवायचं बटण असतं, ते पिशवीतून काढता-घालता सरकतं. मालकाला असं बटण आहे हेच माहीत नसतं.

शेजारच्यांची नावं दिसतात, आपलंच दिसत नाही, तेव्हा मात्र मजा असते. नवा राउटर बसवल्यावर हे फार होतं. कारणं तीन.

पहिलं, वाय-फायच्या लहरींचे सहसा दोन पट्टे म्हणजे बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर बोलतोय आणि तुमचा जुना लॅपटॉप २.४ च ओळखतो. घरातले मोबाईल नवे असतात, त्यांना काहीच अडचण येत नाही. लॅपटॉपला काय जमतं ते विंडोजलाच विचारा. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' टाइप करा. नेटशचं स्पेलिंग एन-ई-टी-एस-एच, डब्ल्यूलॅनचं डब्ल्यू-एल-ए-एन, आणि चार शब्दांमध्ये मोकळी जागा. जे येईल त्यात 'रेडिओ टाइप्स सपोर्टेड' ही ओळ शोधा. ८०२.११ च्या पुढे ए, एसी किंवा एएक्स असेल तर ५ गिगाहर्ट्झ चालतं. फक्त बी, जी, एन असेल तर बहुधा २.४ वरच मदार.

दुसरं, राउटर २.४ वर आहे, पण त्या पट्ट्यातल्या गल्लीवर, म्हणजे चॅनेल १२ किंवा १३ वर गेलाय. भारतात हे चॅनेल वापरायला परवानगी आहे, पण काही लॅपटॉपची कार्डं अमेरिकेच्या हिशेबानं १ ते ११ एवढेच चॅनेल बघतात. राउटर 'ऑटो'वर असला की कधी १३ वर जातो, कधी परत ६ वर येतो. म्हणून 'कालपर्यंत चालू होतं' हेही खरं असतं. चॅनेल हातानं १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून द्या. हे तीन एकमेकांत घुसत नाहीत, म्हणून हेच निवडायचे.

तिसरं, राउटर वाय-फाय ६ चा आहे आणि लॅपटॉपमधल्या इंटेल कार्डाचा ड्रायव्हर जुना आहे. वाय-फाय ६ यायच्या आधीच्या इंटेलच्या काही कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर असलं नेटवर्क दिसतच नाही. कार्ड चांगलं असतं, ड्रायव्हर नवा टाकला की नाव दिसायला लागतं. तोवर घाई असेल तर राउटरच्या सेटिंगमधून २.४ साठी वाय-फाय ६, म्हणजे ८०२.११ एएक्स, तात्पुरतं बंद करता येतं.

राउटरच्या सेटिंग्ज कुठं असतात? मोबाईल घरच्या वाय-फायवर ठेवून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेकांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, इंग्रजी आकड्यांत टाकायचा. पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतात. आत गेल्यावर वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन शोधा. दोन्ही बँडना एकच नाव दिलेलं असतं, तेव्हा २.४ ला वेगळं नाव देऊन बघा, शेवटी नुसता २ लावला तरी चालतं. जुना लॅपटॉप त्या नावाला जोडा, मोबाईल आणि टीव्ही ५ वर राहू द्या. बदल करण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. इंटरनेट किंवा वॅन लिहिलेल्या पानाला मात्र हात लावू नका, ते केबलवाल्याचं.

नाव दिसतं, पासवर्ड घेत नाही

इथं पहिला संशय पासवर्डवर. पासवर्डच्या चौकटीत उजवीकडे डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबा आणि आपण काय टाइप केलंय ते डोळ्यांनी बघा. आपल्याकडे मराठी टायपिंग टाकलेले लॅपटॉप भरपूर. ऑफिसचं पत्र मराठीत टाइप करून झालं, कीबोर्ड मराठीतच राहिला, आणि तुम्ही इंग्रजी समजून पासवर्ड टाकताय. ठिपके तर सारखेच दिसतात. विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र दाबलं की भाषा बदलते.

केबलवाले पासवर्ड ठेवतात तो बहुधा मालकाचा मोबाईल नंबर, नाहीतर आडनाव आणि पुढे एक-दोन-तीन. आडनावाचं पहिलं अक्षर मोठं की बारीक, शून्य की इंग्रजी ओ, यावर घराघरांत वाद होतात. वाद घालू नका. अँड्रॉइड मोबाईल आधीच जोडलेला असेल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'शेअर' दाबा. क्यूआर कोड येतो, आणि बहुतेक मोबाईलमध्ये त्याच्या खाली पासवर्ड अक्षरांत लिहिलेला असतो. तो बघून टाइप करा.

पासवर्ड बरोबर आहे तरी 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' येतं, तेव्हा लॅपटॉपनं जुनी ओळख धरून ठेवलेली असते. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मॅनेज नोन नेटवर्क्स, तिथं आपल्या नावापुढे 'फर्गेट'. मग नव्यानं जोडा. राउटर बदलून जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवला असेल तर हे हमखास करावं लागतं, कारण नाव तेच असलं तरी मागची सुरक्षेची पद्धत बदललेली असू शकते.

तीच पुढची शंका. नवे राउटर कधीकधी फक्त डब्ल्यूपीए३ वर, म्हणजे सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर ठेवलेले असतात. आठ-दहा वर्षांच्या लॅपटॉपना ते कळत नाही, आणि बिचारे विंडोज कारण सांगत नाही, नुसतं नाही म्हणतं. राउटरच्या सुरक्षेच्या पानावर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असं मिश्र निवडा. तेही जमलं नाही तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस. सुरक्षा पूर्ण काढून वाय-फाय उघडं ठेवणं हा इलाज नाही. "शेजारचे वापरतील, वापरू देत" असं म्हणणारे मोठ्या मनाचे लोक आहेत आपल्याकडे, पण तुमच्या लाइनवरून कुणी काही उद्योग केला तर पोलीस तुमच्या दारात येतात.

याही पलीकडे एक कारण. घरात कुणी तरी राउटरमध्ये मॅक फिल्टर लावलेला असतो, म्हणजे ठरावीक यंत्रांनाच आत घ्यायचं. लावणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि मागे आई-वडील नवा लॅपटॉप घेऊन बसलेत. फोन करून त्यालाच विचारा.

जोडलं गेलं, पण 'नो इंटरनेट'

मोबाईलला त्याच वाय-फायवर नेट आहे हे आधी पक्कं करा. मग घड्याळ बघा. लॅपटॉपची तारीख चुकीची असेल तर वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण साइट उघडताना 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं येतं. साइटची सुरक्षेची प्रमाणपत्रं तारखेवर चालतात. तुमचा लॅपटॉप २०१५ सालात बसलेला असेल तर आजचं प्रमाणपत्र त्याला खोटं वाटतं. तारीख दुरुस्त करा. बंद केल्यावर पुन्हा मागे जात असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपलीय. ती बदलायला मात्र खुशाल आणा, छोटं काम आहे.

तारीख बरोबर आहे, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करा, इंग्रजीत, सलग एक शब्द. वाय-फायच्या खाली आयपीव्ही४ चा पत्ता बघा. १९२.१६८ नं सुरू होत असेल तर राउटरनं घरात घेतलंय. १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलाच नाही आणि लॅपटॉपनं आपल्या मनानं एक घेतला. अशा वेळी वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी असाइनमेंट 'ऑटोमॅटिक' आहे का बघा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कसाठी कुणी तरी हातानं पत्ता भरलेला असतो आणि तो तसाच घरी येतो. ऑटोमॅटिक असूनही १६९ च दिसत असेल तर राउटर एकदा बंद-चालू करा.

पत्ता ठीक आहे तर पिंग ८.८.८.८ करून बघा, पिंगनंतर मोकळी जागा आणि आकडे इंग्रजीत. उत्तरं आली, म्हणजे नेट आहे, बहुधा साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधता येत नाहीये. प्रॉपर्टीजमध्येच डीएनएस, म्हणजे तो पत्ता शोधून देणारी सेवा, ८.८.८.८ किंवा १.१.१.१ द्या. उत्तरं आली नाहीत तर व्हीपीएन आणि मुदत संपलेला अँटिव्हायरस या दोघांकडे बघा. उत्तरं येतात, डीएनएस बदललं तरी साइट उघडत नाही, तर प्रॉक्सी बघा, म्हणजे मधला दलाल सर्व्हर; सेटिंग्जमध्ये ती 'ऑफ' पाहिजे. फुकटचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकल्यावर प्रॉक्सी आपोआप चालू झालेली मी बघितलीय. मग नेटपेक्षा मोठा प्रश्न आहे, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून लगेच बदला.

ड्रायव्हर

स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अडॅप्टर्सच्या खाली वायरलेस किंवा वाय-फाय असं काही लिहिलेलं पाहिजे. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलाय. विंडोज अपडेट झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरच्या टॅबवर 'रोल बॅक' दिसतं का बघा, जुना ड्रायव्हर परत येतो. ते करडं दिसत असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा, विंडोज स्वतःच परत टाकून घेतं. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर पुसण्याची खूण मात्र करू नका, नाहीतर पुन्हा टाकायला काहीच उरणार नाही.

थोडा वेळ चालतं आणि मग तुटतं, विशेषतः झाकण उघडल्यावर येतच नाही, अशांनी त्याच प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब बघावा. वीज वाचवायला हे यंत्र बंद करू द्या, अशा अर्थाची खूण असते, ती काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा टॅब नसतो.

नवा ड्रायव्हर आणायला नेट पाहिजे आणि नेट आणायला ड्रायव्हर, म्हणून लोक अडून बसतात. मोबाईल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला लावा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मोबाईल घरच्या वाय-फायवर असेल तर बऱ्याच मोबाईलमध्ये तेच नेट वायरमधून लॅपटॉपला मिळतं, सिमचा डेटाही जात नाही. केबल मात्र डेटा जाणारी पाहिजे. सात रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त केबलींमधल्या काही फक्त चार्जिंगच्या असतात. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जाऊन, खालच्या स्टिकरवरचं मॉडेल टाकून तिथलाच ड्रायव्हर घ्या. 'फ्री ड्रायव्हर अपडेटर' म्हणून जे मोठ्या हिरव्या बटणांचे प्रकार असतात, ते घेऊ नका. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, त्यामुळे त्यावरच असलेल्यांना आता विंडोजकडून आपोआप फार काही येईल अशी आशा नको.

सगळ्यात शेवटी नेटवर्क रीसेट. विंडोज ११ मध्ये ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये, विंडोज १० मध्ये स्टेटसच्या पानावर तळाला. हे सगळे जुने पासवर्ड आणि व्हीपीएन विसरतं, म्हणून ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी ऑफिसला विचारा. विंडोज फॉरमॅट करा, असं कुणी पहिल्याच दमात सांगितलं तर तिथून उठा.

राउटरजवळ येतं, दुसऱ्या खोलीत येत नाही

मोबाईल घेऊन त्याच जागी, शक्यतो त्याच बँडवर उभे राहा. मोबाईललाही तिथं कमी मिळत असेल तर घराचा दोष. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती हातभर जाड, त्यातून ५ गिगाहर्ट्झ जात नाही, २.४ कसंबसं जातं. लोखंडी कपाटामागे राउटर ठेवला तर त्या दिशेला काहीच नाही. आणि आपल्याकडचं खास म्हणजे पाण्याची पिंपं. पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून घराघरांत टाक्या, पिंपं, हंडे भरून ठेवलेले. पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. राउटर जिन्याखाली आणि मधे दोन भरलेली पिंपं, मग पलीकडच्या खोलीत पाणी आलेल्या दिवशी नेट कमी का, याचं कोडं पडतं. राउटर माणसाच्या डोक्यापेक्षा उंच, घराच्या मध्यावर, उघड्यावर ठेवा.

मोबाईलला तिथं भरपूर मिळतंय आणि लॅपटॉपलाच नाही, तर लॅपटॉपची अँटेना बघावी लागते. वाय-फायची अँटेना बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनच्या कडेला असते आणि तिच्या दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. बिजागरी तुटली किंवा कुठं तरी घाईत दुरुस्त झाली की वायर चेमटते. राउटरच्या शेजारी सगळं ठीक, दहा पावलांवर शून्य, ही तिची खूण. हे काम घरी करू नका, इथं दुकानच लागतं. कार्ड स्वतःच गेलं असेल तर बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते बदलता येतं, काहींत बोर्डवरच डकवलेलं असतं. खर्च जास्त सांगितला तर यूएसबीचं वाय-फाय डोंगल लावा, पाचशे-हजारात येतं. दिसायला बावळट, पण काम करतं. जुन्या लॅपटॉपसाठी मी स्वतः तेच सुचवते.

आणायचाच झाला तर स्क्रीनवर आलेल्या मेसेजचा आणि राउटरखालच्या स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढून आणा, मोबाईलवर काय चाललं आणि हॉटस्पॉटवर काय झालं तेवढं सांगा. आणि चार्जर आणा. माझ्याकडे सगळ्या पिनांचे चार्जर नाहीत, आणि बॅटरी उतरलेला लॅपटॉप घेऊन परत जुळे सोलापूरला जायचं म्हणजे पुन्हा रिक्षा.